गोल्फसाठी शरीराची मशागत

ड्रोहेडा शहरातून वाहत आलेली बॉइन नदी पूर्वेस जेथे आयरिश समुद्राला मिळते, तेथे तिच्या उत्तर तीरावर बाल्ट्रे नावाचे एक लहानसे खेडे वसलेले आहे. आणि त्या खेड्याला लागून, वाळूच्या टेकड्यांचा व खुरट्या गवताचा जो विस्तीर्ण पट्टा समुद्राच्या कडेने पसरला आहे, त्यावर काउंटी लाउथ गोल्फ क्लबचे मैदान आहे. क्लबची स्थापना १८९२ सालची. मैदानाची नवी आखणी टॉम सिम्पसन या इंग्रज आरेखकाने १९३८ साली केली. आणि ईस्ट ऑफ आयर्लंड ही हौशी खेळाडूंची मातब्बर स्पर्धा १९४१ पासून येथे भरत आलेली आहे. याच मैदानावर मे २००९ मध्ये आयरिश ओपन ही धंदेवाईक खेळाडूंची स्पर्धा झाली, तीत शेन लाउरी नावाचा बावीस वर्षांचा हौशी खेळाडू दुसऱ्या दिवशी ६२ फटक्यांत फेरी पुरी करून पुढे सरसावला, शेवटच्या दिवशी वाऱ्यापावसाच्या माऱ्यात रॉबर्ट रॉक या धंदेवाईक खेळाडूशी बरोबरीत राहिला, आणि निकालासाठी खेळवलेल्या जादा होलांपैकी तिसऱ्यावर त्याने स्पर्धा जिंकली. हौशी असल्यामुळे पहिल्या बक्षिसाचे पाच लाख युरो मात्र त्यास घेता आले नाहीत. ते नियमाप्रमाणे रॉकच्या पदरी पडले.

या विजयाचा दाखला पुष्कळ हौशी खेळाडू एका भलत्याच कामी वापरताना आढळतात. लाउरी हा भरदार अंगाचा, रुंद खांद्यांचा गडी; व्यायामशाळेच्या जाहिरातीत झळकणाऱ्या देहयष्टीशी त्याचे फारसे साम्य नाही; तेव्हा गोल्फला शरीरसामर्थ्याची गरज ती काय, असा युक्तिवाद करून ही मंडळी फेरीनंतर क्लबच्या उपाहारगृहात बटाट्याच्या तळलेल्या फोडींची दुसरी बशी मागवतात. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसला तरी मुळात चुकीचा आहे, कारण त्यात शरीराचा आकार आणि शरीराची क्षमता यांची गल्लत केलेली असते. चार दिवस समुद्रावरचा वारा अंगावर घेत चालायचे, भिजलेल्या पायांखाली वाळूची चढउतार सोसायची, आणि इतके करून चौथ्या दिवसाच्या अखेरीस काठी उचलण्याचा आणि खाली आणण्याचा ताल पहिल्या दिवसासारखाच ठेवायचा, हे ज्या देहाला साधते तो सुदृढच म्हणावा लागेल, मग त्याच्या कंबरेचे माप काहीही असो. प्रस्तुत लेखात सुदृढता हा शब्द या अर्थाने वापरला आहे. सडपातळपणा हा त्याचा विषय नव्हे.

दुसरा दाखलाही बाल्ट्रेचाच आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. फिलोमिना गार्वी ही १९२६ साली जन्मलेली, याच गावात वाढलेली खेळाडू. आयर्लंडचे स्त्रियांचे अजिंक्यपद तिने पंधरा वेळा मिळवले, त्यांतले पहिले १९४६ साली आणि शेवटचे १९७० साली, म्हणजे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. दरम्यान १९५७ साली ब्रिटिश हौशी अजिंक्यपदही तिच्या नावावर लागले. चोवीस वर्षांच्या अंतराने एकच स्पर्धा जिंकणाऱ्या माणसाचे कौशल्य तर वादातीत असतेच. पण ते कौशल्य ज्या सांध्यांवर आणि स्नायूंवर उभे असते, ते इतका दीर्घकाळ शाबूत राहिले ही गोष्ट त्याहून कमी महत्त्वाची नाही. बाल्ट्रेच्या वाळूवर लहानपणापासून चाललेले पाय ही एक प्रकारची वडिलोपार्जित इस्टेट आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती लाभलेली नाही, आणि म्हणून ती मुद्दाम मेहनतीने कमवावी लागते.

ड्रोहेड्यात अथवा त्याच्या आसपास राहणारा मराठी स्त्री-पुरुष गोल्फकडे वळतो तो साधारणपणे चाळिशीच्या आगेमागे. नोकरीत स्थिरता आलेली असते, मुले हाताशी आलेली असतात, आणि शेजारी अथवा सहकारी एखाद्या रविवारी आग्रहाने मैदानावर घेऊन जातो. क्रिकेटमुळे नजर तयार असते, मनगटेही वळतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांत प्रगती इतकी झपाट्याने होते की, आता वर्षभरात हँडिकॅप दहाच्या आत आणू, अशी स्वप्ने पडू लागतात. नंतर गाडी अडते. शिकवण्या होतात, पाच-सहाशे युरोंचा नवा ड्रायव्हर घरी येतो, तरीही चेंडू पूर्वी पडत होता तेथेच पडतो, तेराव्या-चौदाव्या होलनंतर फटके वाकडे जाऊ लागतात, आणि सोमवारी सकाळी कंबर धरते. अशा खेळाडूने सर्वप्रथम आपल्या दिनक्रमाचा हिशेब मांडावा. मॅकब्राइड स्थानकावरून डब्लिनला जाणाऱ्या आगगाडीत अथवा एम-१ महामार्गावर मोटारीत बसून जाणे, कचेरीत आठ तास बसणे, पुन्हा बसून परतणे, आणि रात्री टेलिव्हिजनपुढे बसणे: एवढा बैठा कारभार केलेल्या शरीराकडून आठवड्यातून एकदा, सुमारे पाव सेकंदात काठी वरून खाली आणून चेंडूवर आदळण्याची अपेक्षा आपण करतो. शिक्षक जे दाखवतो ते बुद्धीला पटते, पण सांध्याला ते करता येत नाही. मग शरीर पळवाट काढते, आणि त्या पळवाटेलाच आपण आपली शैली म्हणू लागतो.

ही पळवाट बहुधा कोठे काढली जाते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. गोल्फच्या फटक्यात धड वळते ते मुख्यत्वे दोन ठिकाणी: खाली खुब्याच्या सांध्यात आणि वर बरगड्यांमागच्या कण्यात. या दोहोंच्या मधले कंबरेचे पाच मणके वाकण्यासाठी आणि भार पेलण्यासाठी घडलेले आहेत. पीळ सोसण्याची त्यांची शक्ती फार थोडी, पाचांची मिळून जेमतेम दहा-पंधरा अंशांची. खुबा आणि पाठीचा वरचा भाग मोकळे असतील तर कंबरेला आपल्या मगदुराबाहेर काम करावे लागत नाही. परंतु बैठ्या नोकरीने खुबे आखडलेले असतील आणि संगणकापुढे वाकून पाठ गोल झालेली असेल, तर वळण्याची सारी मागणी त्या बिचाऱ्या पाच मणक्यांकडे जाते. फटक्याच्या क्षणी त्यांच्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो, असे संशोधकांनी मोजलेले आहे. हौशी गोल्फरांच्या दुखण्यांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला का, याचा उलगडा यावरून होतो. आणि ज्याला ही कंबर अजून दुखलेली नाही त्याचा चेंडू जवळ का पडतो, याचाही उलगडा यातच आहे, कारण न वळलेल्या शरीरात वेग साठत नाही.

यातही उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा हा कळीचा. काठी खाली येताना सारे वजन डाव्या पायावर येते, आणि त्या रोवलेल्या पायावर कटिप्रदेश डावीकडे फिरतो. म्हणजे मांडी खुब्याच्या खोबणीत आतल्या बाजूस वळावी लागते. आपल्यातील अनेकांचा असा समज असतो की, मांडी घालून बसण्याची सवय असल्यामुळे भारतीयांचे खुबे मोकळे असतात. तो अर्धाच खरा आहे: मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूस वळतो, आणि गोल्फला हवे असलेले वळण नेमके उलट दिशेचे आहे. पंगतीत तासभर सुखाने बसणारा माणूसही या दुसऱ्या वळणात लाकडासारखा ताठ असू शकतो. परीक्षा सोपी आहे. खुर्चीवर ताठ बसून दोन गुडघ्यांत टॉवेलची घडी धरावी, आणि गुडघे न हलवता एकेक पाऊल बाहेरच्या बाजूस न्यावे. डावे पाऊल उजव्यापेक्षा बरेच कमी जात असेल अथवा दोन्ही जागची फारशी हलत नसतील, तर दोष ड्रायव्हरचा नाही, हे पक्के समजावे. टॉम वॉटसन या अमेरिकन खेळाडूचा डावा खुबा ऑक्टोबर २००८ मध्ये शस्त्रक्रियेने बदलण्यात आला, आणि पुढच्या जुलैत, लाउरीच्या विजयानंतर दोनच महिन्यांनी, तो वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी टर्नबेरीच्या ब्रिटिश ओपनमध्ये बरोबरीत राहून जादा खेळात हरला. नवा खुबा बसवून घ्यावा असे मी अर्थातच सुचवत नाही. जुना आहे त्याला हलवत राहावे, एवढेच सांगणे आहे.

त्यासाठी उपाय घरच्या घरी होण्याजोगा आहे. जमिनीवर बसून, हात मागे टेकून, गुडघे वाकवावेत आणि पावले खांद्यांहून थोडी रुंद ठेवावीत. मग दोन्ही गुडघे मिळून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, जमिनीच्या रोखाने सावकाश झुकवावेत. पाठीच्या वरच्या भागासाठी कुशीवर निजून दोन्ही गुडघे पोटाशी घ्यावेत, आणि ते जमिनीला तसेच टेकलेले ठेवून वरचा हात छातीवरून उघडत पाठीमागे न्यावा, नजर हाताबरोबर फिरवावी. प्रत्येक बाजूस दहा वेळा, रोज. दूरदर्शनवरील बातम्या ऐकताना केले तरी चालते. मात्र रोज याचा अर्थ रोज. मोकळीक ही ठेव म्हणून पेढीत ठेवता येत नाही. ती दर आठवड्याला नव्याने कमवावी लागते.

मोकळीक आली म्हणजे बळाचा प्रश्न उभा राहतो, आणि येथे आपल्या तालमीची परंपरा उपयोगी पडते, पण डोळे मिटून नव्हे. बैठक हा पायांचा उत्तम व्यायाम; फटक्याचा वेग जमिनीवर पाय रेटून सुरू होतो, म्हणून मांड्या आणि नितंबांचे स्नायू हे गोल्फरचे खरे भांडवल आहे. तथापि टाचा उचलून, झपाझप शंभराच्या हिशेबात मारलेल्या बैठका चाळिशीनंतरच्या गुडघ्यांना मानवतातच असे नाही. त्याऐवजी टाचा टेकलेल्या, मागे खुर्ची ठेवून, तीन आकडे मोजत खाली जाणाऱ्या आणि झटक्याने वर येणाऱ्या आठ-दहा बैठका, अशी तीन आवर्तने आठवड्यातून दोनदा केली तरी पुरे. जोडीला कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकण्याचा सराव हवा: एक काठी डोके, पाठ आणि माकडहाड यांना टेकवून धरावी, आणि ती कोठेही न सुटू देता बूड मागे नेत पुढे झुकावे. चेंडूपुढे उभे राहण्याची योग्य ठेवण हीच आहे, आणि पुष्कळांना ती वर्षानुवर्षे जमत नाही. ती जमल्यावर भारतीय किराणा दुकानातून आणलेली दहा किलोंची तांदळाची पिशवी याच पद्धतीने उचलावी, छातीशी कवटाळून अथवा एका हाती धरून, धड न कलू देता, घराच्या पायवाटेवर फेऱ्या घालाव्यात. व्यायामशाळेची वर्गणी भरणे ज्याला परवडते त्याने ती अवश्य भरावी; परंतु तिच्या अभावी काम तहकूब ठेवण्याचे कारण नाही.

सूर्यनमस्काराविषयी दोन शब्द वेगळे लिहायला हवेत, कारण औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याचा प्रसार हे जीवितकार्य मानले, आणि त्यांचे यासंबंधीचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे सिम्पसन बाल्ट्रेचे मैदान आखीत होता त्याच वर्षी औंधचा नमस्कार इंग्लंडात पोहोचला होता. खांदे, खुबे, पोटऱ्या आणि श्वास यांना एकाच आवर्तनात हलवणारा, जागा व साहित्य न मागणारा असा दुसरा व्यायाम मला माहीत नाही. सकाळी दहा-बारा संथ नमस्कार घालावेत. मात्र ज्याची कंबर आधीच कुरकुरते त्याने छाती वर उचलण्याच्या स्थितीत हट्ट करू नये, कोपरे वाकलेली ठेवून अर्ध्यावर थांबावे. आणि केवळ नमस्कारांनी सारे भागते, अशी श्रद्धाही ठेवू नये: त्यात पुढे-मागे होणारी हालचाल भरपूर आहे, वळणे मात्र नाही, आणि ओढण्याची क्रिया तर मुळीच नाही. ती उणीव रबरी पट्टा दाराला अडकवून तो दोन्ही हातांनी छातीकडे ओढण्याने भरून निघते. खुर्चीत झुकलेले खांदे मागे येण्यास हा व्यायाम फार गुणकारी.

वळणाची उणीव भरून काढणारे साधन मात्र आपल्याच आखाड्यात आहे, ते म्हणजे मुद्गल. खांद्यामागून मुद्गल फिरवून पुढे आणताना पाय रोवलेले, धड वळणारे, मनगट सैल पण सावध, आणि वजन हाताच्या टोकाशी दूर. गोल्फच्या काठीला जे हवे ते सारे यात आहे. हिंदुस्थानातील पलटणींत इंग्रज अधिकाऱ्यांनी हा व्यायाम पाहिला, एकोणिसाव्या शतकात तो ब्रिटनमध्ये फैलावला, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर तो स्पर्धेचा प्रकारही होता. आरंभ एक-दीड किलोच्या जोडीने करावा. दहा किलोंचा मुद्गल फिरवणाऱ्या पहिलवानाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून खांदा दुखावून घेण्यात काही पुरुषार्थ नाही. दोन्ही बाजूंनी सारखाच फिरवावा, विशेषतः ज्या बाजूने आपण खेळत नाही तिकडून. गोल्फ हा एकतर्फी खेळ आहे, आणि शरीर एका अंगाने झिजू नये याची तजवीज मैदानाबाहेरच करावी लागते.

आता दमाविषयी. अठरा होलांची फेरी म्हणजे आठ ते दहा किलोमीटरची चाल, सुमारे चार तासांची, तीही पाठीवर दहा-बारा किलोंची पिशवी अथवा हाती तिची ढकलगाडी घेऊन. हिला व्यायाम न म्हणणारे लोक बहुधा विजेच्या बग्गीत बसून खेळणारे असावेत. स्वीडनमध्ये तीन लाखांहून अधिक गोल्फरांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास झाला, त्यात गोल्फरांचा मृत्युदर समान वय, लिंग आणि सामाजिक स्थितीच्या इतर लोकांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. गोल्फर मुळातच निरोगी असण्याचा संभव लक्षात घेतला तरी त्यातून काही तथ्य उरतेच. परंतु आपला मुद्दा वेगळा आहे. दमलेला माणूस वाईट निर्णय घेतो; चौदाव्या होलवर पाण्यावरून चेंडू पार नेण्याचा जो मोह होतो, त्याचे मूळ पुष्कळदा धाडसात नसून थकव्यात असते. पाय थकले की कटिप्रदेश फिरत नाही, हातच काठीला खेचू लागतात, आणि चेंडू उजवीकडे वळून झुडपात जातो. म्हणून आठवड्यातून तीनदा तरी अर्धा-पाऊण तास अशा गतीने चालावे की बोलता येईल पण गाता येणार नाही. ड्रोहेड्यात यासाठी मुद्दाम सोय केल्यासारखी आहे: नदीकाठाने ओल्डब्रिजकडे, म्हणजे १६९० च्या बॉइनच्या लढाईच्या जागेकडे जाणारी सपाट वाट आहे, मिलमाउंटची चढण आहे, आणि बेटीस्टाउनचा व टर्मनफेकिनचा वाळूचा किनारा आहे. ओल्या घट्ट वाळूवर चालून सवय झाली म्हणजे थोडे कोरड्या भुसभुशीत वाळूत चालावे. पोटऱ्या आणि घोटे यांना दुसरी इतकी स्वस्त शाळा मिळणार नाही.

तोल हाही याच खात्यातला. लिंक्स प्रकारच्या मैदानावर सपाट जागा अशी टीवरच काय ती मिळते. इतरत्र एक पाय वर, एक खाली, वारा पाठीवर, अशा अवस्थेत फटका मारायचा असतो. एका पायावर दहा सेकंद स्थिर उभे राहता येते काय, हे रोज दात घासताना पाहावे. सहज जमू लागले की डोळे मिटून पाहावे, पण तेव्हा जवळ भिंत असावी.

हवामानाचा विचार येथे टाळता येत नाही. पर्जन्यमान कोकणाच्या मानाने फारच थोडे असले तरी ते वर्षभर थेंबाथेंबाने वाटून दिलेले आहे. डिसेंबरात सूर्य चारच्या सुमारास मावळतो, आणि तापमान पाच-सहा अंशांवर रेंगाळते. अशा हवेत मोटारीतून उतरून सरळ पहिल्या टीवर जाणे आणि ड्रायव्हर पूर्ण ताकदीने फिरवणे, हा शिरस्ता जितका सार्वत्रिक आहे तितकाच घातक आहे. टीच्या वेळेआधी दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्यांत चार मिनिटे झपझप चालावे. मग काठीचा आधार घेऊन एकेक पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवावा. काठी खांद्यांवर आडवी धरून धड दोन्हीकडे वळवावे. काही बैठका काढाव्यात. आणि शेवटी लहान काठीने अर्धे, मग पाऊण, मग पूर्ण फटके हवेतच मारावेत. ताणून धरून अर्धा-अर्धा मिनिट स्थिर राहण्याचे प्रकार फेरीनंतरसाठी ठेवावेत, कारण खेळण्यापूर्वी ते केल्याने स्नायूंची उसळी काहीशी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. ऑस्ट्रेलियात वीस हौशी पुरुष खेळाडूंवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, शरीर तापवण्याचा कार्यक्रम नियमाने करणाऱ्यांचा काठीचा वेग सात आठवड्यांत सरासरी २४ टक्के वाढल्याचे नोंदलेले आहे. इतक्या थोड्या माणसांवरून काढलेला हा आकडा मी वाचकांना वचन म्हणून देणार नाही. पण ज्याला दहा मिनिटांखेरीज काही खर्च नाही, असा दुसरा उपाय कोणी सुचवला तर तो ऐकण्यास मी तयार आहे.

वेगाचे म्हणाल तर व्यवहारी अपेक्षा अशी ठेवावी. सामान्य हौशी पुरुषाची ड्रायव्हरची गती ताशी नव्वद मैलांच्या आसपास असते, आणि एक मैल वाढला की अडीच यार्डांच्या आसपास अंतर वाढते. दोन हिवाळ्यांच्या मेहनतीने चार-पाच मैल मिळाले, तर दुसऱ्या फटक्याला सहा क्रमांकाच्या आयर्नऐवजी सात क्रमांकाचा पुरतो, आणि सातवर चेंडू ग्रीनवर थांबण्याचा संभव अधिक असतो. लाभ एवढाच आहे, पण तो अठरा होलांत अनेकदा पदरी पडतो. वजन उचलल्याने फटका बिघडतो ही भीती आता निराधार ठरली आहे. गॅरी प्लेअर या दक्षिण आफ्रिकी खेळाडूला १९५० आणि १९६० च्या दशकांत हेच ऐकवले जात होते, आणि त्याने नऊ प्रमुख अजिंक्यपदे मिळवून, त्यांपैकी शेवटचे १९७८ साली वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अंतिम फेरीत ६४ फटके खेळून, त्या शंकेखोरांचे दफ्तर बंद केले.

आहाराविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. शाकाहारी वाचकांनी बळाचा व्यायाम सुरू केल्यावर प्रत्येक जेवणात उसळ, दही, पनीर अथवा घट्ट वरण यांपैकी काहीतरी भरपूर प्रमाणात असेल असे पाहावे. भाताचा ढीग आणि त्यावर पाण्यासारखी आमटी यावर स्नायू पोसत नाहीत. फेरीत दर तीन-चार होलांनी दोन घोट पाणी आणि अर्धे केळे अथवा शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा तोंडात टाकावा, तहान किंवा भूक लागण्याची वाट न पाहता. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून ती नाहीच असे होत नाही. दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह आणि हृदयविकार हे तुलनेने कमी वयात व कमी वजनावरही गाठतात, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्याने, विशेषतः घराण्यात हे विकार असतील तर, नवा व्यायामक्रम सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि चरबी यांची तपासणी आपल्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. त्याच भेटीत ड जीवनसत्त्वाचीही विचारणा करावी. आपल्या वर्णाच्या त्वचेला येथील हिवाळ्यातले ऊन पुरे पडत नाही.

या साऱ्याची वर्षभराची विभागणी ऋतूच ठरवून देतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे बळाचे महिने: आठवड्यातून दोन दिवस बैठका, ओढणे, उचलणे, आणि अधूनमधून हवा बरी असेल तेव्हा नऊ होल. मार्चपासून मुद्गलाचा वेग वाढवावा, आणि हलकी काठी, प्रसंगी ड्रायव्हरच उलटा धरून, जितक्या जोरात फिरेल तितक्या जोरात दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा फिरवावी. मे ते ऑगस्ट, म्हणजे संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो त्या काळात, खेळ भरपूर होतो, तेव्हा बळाचा व्यायाम आठवड्यातून एकच दिवस ठेवावा, पण सोडू नये. बहुतेक जण नेमके येथेच सोडतात, आणि सप्टेंबरच्या स्पर्धेत त्यांना आपण जूनमध्ये बरे खेळत होतो असे आठवते.

दुखण्याविषयी सांगायचे ते असे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या जड होणे हे दुखणे नव्हे. परंतु कंबरेतून कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, कोपराच्या आतल्या बाजूस हात पिळताना ठणका लागत असेल अथवा दोन आठवडे विश्रांती घेऊनही वेदना हटत नसेल, तर मित्रांचे सल्ले आणि बामाच्या बाटल्या बाजूला ठेवून फिजिओथेरपिस्टकडे जावे, आणि शक्य झाल्यास फटक्याचे चित्रीकरण त्यास दाखवावे. लघवीवरचा ताबा जाणे किंवा पाय लुळा पडणे असे काही घडले तर मात्र त्याच दिवशी थेट रुग्णालय गाठावे. साध्या दुखापतीत चार-सहा आठवडे पूर्ण फटके बंद राहतील. त्या मुदतीत पटिंग करण्यास बहुधा मनाई नसते, फक्त चेंडू वेचताना खुब्यातून वाकावे, आणि कार्डावर दर दहा फटक्यांतले चारेक पटच असतात हे लक्षात घेता, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर रोज वीस मिनिटे घालवण्यास घरच्यांची परवानगी मिळवून ठेवावी.